मेस्त्रींचा कैवारी

प्लॅस्टिकवर ओलं फडकं टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विलास मेस्त्री. संध्याकाळी सहा वाजले की आम्ही सगळे डबे पिशवीत कोंबून जिन्याकडे पळायच्या तयारीत, आणि हे बेसिनपाशी उभे राहून एक जुनं मलमलचं फडकं भिजवतायत. ते घट्ट पिळायचं, झटकायचं आणि टेबलावरच्या सॅम्पलला अंगभर गुंडाळायचं. मूर्तीच्या कारखान्यात असं करतात, शाडू सुकून तडकू नये म्हणून. पण आमच्या टेबलावर शाडू कुठून येणार? चांगलं टणक प्लॅस्टिक होतं ते. चार दिवस मी गप्प बसले, पाचव्या दिवशी राहवलं नाही.

"काका, प्लॅस्टिक सुकत नाही हो."

"माका म्हायत आसा," ते फडक्याचं टोक आत खोचत म्हणाले. "हाताक म्हायत नाय."

मी पर्स उचलली आणि निघाले.

लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर आमची खेळण्यांची कंपनी. कंपनी म्हणजे मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. तीन गाळे भिंती पाडून एकत्र केलेले, एका टोकाला शेठची काचेची केबिन, दुसऱ्या टोकाला सॅम्पल रूम. मी खोकी डिझाइन करायची. खेळणं कसलंही असो, खोकं असं हवं की आईबापांनी नाही म्हणताच कामा नये, असं आमचे हसमुखशेठ सांगायचे. खुळखुळे, डॉक्टर सेट, चावीचे ट्रक यांची खोकी करण्यात माझी बारा वर्षं गेली होती. मी गिरगावची, कमर्शियल आर्ट शिकलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. मेस्त्री आले तेव्हा साठीला टेकलेले होते, आणि सातवीत शाळा सोडून गणपतीच्या कारखान्यात वाढलेले. मला वाटलं, शेठने स्वस्तात म्हातारा उचलला.

त्यांना घेतलं ते 'कैवारी'साठी. हा कैवारी म्हणजे आमच्या लहानपणीच्या स्वस्त कॉमिकमधला हिरो. फुटपाथवर रद्दीच्या ढिगात मिळायचा. लाल अंगरखा, छातीवर पितळी बिल्ला, आणि चाळीला आग लागली की धावत येणार. अंधेरीच्या एका कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. पिक्चर काढायचा, आणि पिक्चरबरोबर बाजारात खेळणी आणायची, असा बेत. त्यातलं मुख्य खेळणं आमच्याकडे आलं: वीतभर उंचीचा रोबो कैवारी, हातपाय दुमडले की त्याचा आगीचा बंब व्हायचा. पुन्हा उलगडला की माणूस. शेठ आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हते. "ताई, अपना डॉक्टर सेट का जमाना गया," मला म्हणाले.

मेस्त्रींची मुलाखत मी स्वतः पाहिली. शेठने विचारलं, "बायोडाटा लाया है?" मेस्त्रींनी इकडेतिकडे बघितलं, शोकेसमधला दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा रोबो उचलला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि खिशातून कानस काढून बसले. चहा येईपर्यंत त्या रोबोचे चाळीस-बेचाळीस तुकडे वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले होते. चहा पिऊन होईपर्यंत रोबो पुन्हा उभा. फक्त एक बारकी पट्टी कागदावर उरली होती.

"ये क्या रह गया?" शेठ घाबरले.

"ता जास्तीचा व्हता," मेस्त्री म्हणाले.

शेठने रोबोचा हात फिरवून बघितला. आधी अडकायचा तो आता सटकन फिरत होता. नोकरी पक्की झाली. ती पट्टी मेस्त्रींनी कागदात बांधून शेठच्या हातात दिली, 'वस्तू ज्येची तेका' म्हणून.

पुण्याच्या एका इंजिनियरने कैवारीचं कॉम्प्युटर ड्रॉइंग केलं होतं. स्क्रीनवर तो काय झक्कास वळायचा! प्रत्यक्षात छापून आला की खांद्यात अडकायचा. इंजिनियर फोनवर पॉइंट दोन, पॉइंट तीन मिलिमीटर अशी भाषा करायचा. मेस्त्रींचं माप एकच, काडेपेटीतली काडी. शर्टाच्या खिशात कानस, ब्लेडचा तुकडा आणि एक गुल नसलेली काडी कायम. "अर्धी काडी कमी करूक सांग तेका," ते मला म्हणायचे, आणि फोनवर ते त्याला सांगायची पाळी माझ्यावर. एकदा त्या पोराने वैतागून विचारलं, "मॅडम, एक काडी म्हणजे नक्की किती?" मी पट्टी घेऊन मोजली. दोन पॉइंट एक. "म्हणजे काकांचं बरोबर आहे," तो बिचारा म्हणाला, आणि पुढच्या ड्रॉइंगमध्ये खांदा अडकला नाही.

सांध्यांचं त्यांना वेडच होतं. दार उघडलं की आधी बिजागरीकडे बघणार. मी माउस हलवत असले की मागून येऊन म्हणणार, "बाय, तुझो कोपर वाजता. तेल लाव." हे ज्ञान त्यांना मूर्तीपेक्षाही देखाव्यांमधून आलं होतं. काळाचौकीच्या मंडळांत गणपतीसमोर चलचित्रं लावतात ना, मोटरवर हलणारे पुतळे, ते मेस्त्री करायचे. त्यातली एक गोष्ट त्यांच्याकडून मी दहा वेळा ऐकली असेल. एका वर्षी देखाव्यात ऋषी शिष्याला आशीर्वाद देतात असं होतं. ऐन वेळी मोटर मिळाली ती जरा जास्तच ताकदीची. पडदा उघडला, ऋषींनी हात वर केला आणि आशीर्वाद थेट शिष्याच्या टाळक्यात हाणला. पुन्हा हात वर, पुन्हा टाळक्यात. लोक हसून हसून बेजार. बातमी पसरली, रांग वाढत गेली, आणि मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, मेस्त्री, राहू दे असंच, गर्दी बघा केवढी! मेस्त्रींनी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीआधी जाऊन मोटर बदलली. गर्दी ओसरली. अध्यक्ष पुढची दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

"माझा काम येवढ्या लोकांनी तेवाच काय ता बघल्यानी," ते सांगायचे, "आणि ता पण चुकलेला." आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण जरा वेळाने.

ते आमच्याकडे का आले हे मला अनंत चतुर्दशीला कळलं. त्या दिवशी इस्टेट दुपारीच बंद होते, सगळे गॅलरीत उभे. खाली ढोल, गुलाल, माणसांवर माणसं. मेस्त्री मात्र आत टेबलाशी बसून कैवारीचा गुडघा घासत होते.

"काका, चला ना. तुमच्या हातचे गणपती असतील त्यात."

"मी कधी बघूक गेलंय नाय," ते मान वर न करता म्हणाले. मग कानस खाली ठेवली. "चाळीस वर्सा केलंय, बाय. हजारांनी केलंय. माझ्या हातचा एक काम दाखव म्हटलंस, तर दाखवूक गावणा नाय. सगळा दर्यात." पुढे म्हणाले, "तक्रार नाय हा माझी. देवाचा काम तसाच. पण एक तरी वस्तू कोणाच्या तरी घरात रवांदे. कपाटावर रवांदे, पोराच्या हातात रवांदे, मोडकी रवांदे. पण रवांदे."

मग मला त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. "ह्या प्लॅस्टिक किती वर्सा टिकता?"

मी म्हटलं, "काका, तेच तर सगळे बोंबलतायत. शेकडो वर्षं नाश होत नाही म्हणतात त्याचा. समुद्रात टाकलं तरी विरघळत नाही."

अहो, तो माणूस लाजल्यासारखा हसला. प्लॅस्टिक विरघळत नाही हे ऐकून आनंद झालेला जगातला तो एकटाच माणूस असेल. त्यांनी कैवारी उचलला, बंब केला, परत माणूस केला. बारा घड्या होत्या त्याला, मेस्त्री त्यांना कोलांट्या म्हणायचे. शेवटच्या कोलांटीला चेहरा छातीत आत जायचा आणि वरून बंबाचं झाकण बसायचं. ती युक्ती त्यांचीच होती. पुण्याच्या ड्रॉइंगमध्ये चेहरा बंबाच्या खाली, चाकांच्या मधोमध उघडा राहायचा. "तोंड जमिनीक घासता ता बरा दिसणा नाय," एवढंच म्हणून त्यांनी आठ दिवस खपून तो आत घेतला होता.

तेव्हापासून आमचं ठरलं. खेळणं बाजारात आलं की मेस्त्री ते हिंदमाताजवळच्या दुकानातून विकत घेणार. मी म्हटलं, विकत कशाला, सॅम्पलमधला एक घेऊन जा की. तर माझ्यावर डाफरले. कंपनीतून नेला तर ते सॅम्पल, दुकानातून घेतला तर ती वस्तू. पावती हवी, आणि खोकं मी केलेलं हवं. बायकोला म्हणे त्यांनी कपाटावरची जागा रिकामी करून ठेवायला सांगितली होती. त्या माउलीने तिथून शिवणाचं मशीन हलवलं.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे माझं मन अजून मला खातं.

मेस्त्रींनी सॅम्पल पुरं केलं, पाच नग. सगळं झालं, डोळे तेवढे राहिले. डोळे ते कायम शेवटी काढायचे. मूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचा मान मोठा असतो, बाकी अंग कोणीही रंगवो, डोळे मुख्य कारागीरच काढणार, आणि तेही मूर्ती निघायच्या वेळेला. "डोळे काढले काय काम आपला रवणा नाय," असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी पाचही नग अंधेरीला मंजुरीसाठी पोचवायचे होते. मेस्त्री म्हणाले, बुधवारी दुपारी डोळे काढतो.

रविवारी कणकवलीहून फोन आला, त्यांची आई गेली. मिळेल त्या गाडीने ते गावी निघून गेले.

बुधवारी शेठ सॅम्पल रूममध्ये आले. टेबलावर पाच कैवारी ओळीने उभे, अंगाने सगळे चकचकीत, आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या खोबणी. "अरे, दो टिकली तो लगानी है! नार्वेकर, लगा दे."

नार्वेकर आमचे पेंटर. पन्नाशीचे, तेही कारखान्यातूनच आलेले. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "शेठ, मेस्त्रींचं काम आहे. आणि ते सुतकात आहेत."

"अरे खेलना है ये, भगवान नहीं है!"

"होय शेठ," नार्वेकर म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. शेठने पॅकिंगच्या लोकांकडे बघितलं. सगळे लालबाग-परळचे. कोणी बूट बघतंय, कोणी पंखा बघतंय.

मग मी उठले. म्हटलं, मूर्खपणा आहे हा. एवढी वर्षं खपून हा माणूस ज्याची वाट बघतोय तेच आपण अडवून ठेवायचं? ब्रश घेतला, काळा रंग घेतला. पण मेस्त्रींना न विचारता लावायचं धाडस माझ्यानेही होईना. फोन लावला.

"बाय, लावू नको," ते म्हणाले. आवाज बसलेला. "बारा दिवस जांवदे. मी येतंय, मग करतंय."

"काका, उद्या द्यायचेत. तारीख गेली तर पुन्हा रांगेत थांबावं लागेल. खेळणं आहे हो ते!"

"माका म्हायत आसा."

"मग? मी काढते ना. शिकलेय मी."

मागे बायकांचा आवाज येत होता. मग म्हणाले, "आयेचो आज चौथो दिवस आसा, बाय." एवढंच. 'नको' परत म्हणालेसुद्धा नाहीत.

मी ब्रश धुवून ठेवला. मी! कमर्शियल आर्टवाली, सुतकपातक न मानणारी, घरी सासूशी याच गोष्टींवरून भांडणारी. दोन ठिपके द्यायचे होते, दहा ठिपके एकूण. त्याऐवजी मी कॉम्प्युटरवर बसले आणि फर्मास इंग्रजीत पत्र लिहिलं, की डोळ्यांचं काम अंतिम टप्प्यात होईल, कृपया तोवर बाकी तपासावं. पाच आंधळे कैवारी गुरुवारी अंधेरीला गेले. असली चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली नसती. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र एकालाही ती त्या दिवशी चूक वाटली नाही, शेठ सोडून.

तीन आठवड्यांनी पाचही नग परत आले, सोबत उत्तर: चेहरा अपूर्ण, नामंजूर, नव्याने पाठवावे.

तोवर मेस्त्री परत आले होते. डोक्यावर केसांचे नुसते खुंट. पाच चेहरे पुन्हा समोर घेतले, श्वास रोखून धरला आणि अर्ध्या तासात दहा डोळे काढले. समोर कोणालाही उभं राहू दिलं नाही. मी बाजूने बघत होते. कॉमिकमधला कैवारी रागाने डोळे वटारलेला असायचा. यांचा वटारत नव्हता. किंचित खाली बघत होता, जमिनीवर बसून कोणी खेळत असेल तर नेमका त्याच्याकडे. शेठ आले आणि वाकून, खालून बघून गेले. नार्वेकरांनी उगाच नाक शिंकरलं.

पुन्हा पाठवले, पुन्हा रांग. आठवड्यामागून आठवडे गेले. नाताळचा माल ज्या दिवशी दुकानात लागायला हवा होता तो दिवस आला आणि गेला. मेस्त्री रोज सकाळी आल्याआल्या माझ्या टेबलापाशी थांबायचे. "काय खबर?" मी मान हलवायची. "येतली, येतली," असं मलाच समजावून आत जायचे. मग एके दिवशी खबर आली. पिक्चर बंद पडला. अंधेरीच्या कंपनीला कैवारीत रस उरला नव्हता. खेळणं रद्द, नमुने कंपनीने परत पाठवले. पाच नगांवर त्यांनी साधा मंजूर-नामंजूरचा शेराही मारला नव्हता.

शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते सॅम्पल रूमच्या दारात उभे राहून थकलेल्या आवाजात म्हणाले, "वो आँख के लफडे में सीझन गया, मेस्त्री."

"होय शेठ," मेस्त्री म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याजवळ आले. "बाय, तेवा डोळे असते तर?"

"काका, तरी पिक्चर बंदच पडला असता ना."

"पण तवसर माल दुकानात गेलेलो असतो," ते म्हणाले. "एकदा दुकानात गेलो काय तो परत येणा नाय."

खरंच होतं ते. मी डब्यातली भाजी चिवडत बसले. सांगायला हवं होतं, काका, ब्रश माझ्या हातात होता, तुमची चूक असेल तर माझीही आहे. नाही सांगितलं. त्यांनीही मला कधी दोष दिला नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

आणखी महिन्याभराने शेवटची मेल आली. करार संपला असल्याने साचे भंगारात काढावेत, सर्व नमुने नष्ट करावेत आणि प्रत्येक नगाचा फोडल्यानंतरचा फोटो पाठवावा. फोटोचं काम अर्थात खोकेवाल्या बाईकडे. मी शेठकडे जाऊन भांडले. पाच तर नग आहेत, कोणाचं काय बिघडतंय? शेठने हात जोडले. "ताई, साइन किया है. मेरे को भी अच्छा नहीं लगता." आणि खरंच बरं वाटत नव्हतं त्यांना. चेहऱ्यावर दिसत होतं. कोणावर चिडायचं तेच कळेना.

मेस्त्रींना मी एकट्याला गाठलं. "काका, एक पिशवीत टाका. मी एकाच नगाचे दोन बाजूंनी फोटो काढते. त्यांना काय कळतंय?"

एक क्षण वाटलं, घेतील.

"आणि कोणी विचारल्यानी, ह्या खय मिळता, तर काय सांगू?" ते म्हणाले. "मिळणा नाय, चोरून आणलंय?" मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "न खपलेली मूर्ती आमी कधी फोडूक नाय, बाय. ती पुढच्या वर्साक रंग मारून परत उभी. पूजा झाली काय मगच बुडवची. ह्येची तर पूजाच झाली नाय."

फोडायचं काम दुसऱ्या कोणाला देऊ का, असं विचारलं तर नको म्हणाले. दुपारी तीनला आम्ही दोघंच सॅम्पल रूममध्ये. मी टेबलावर पांढरा कागद अंथरला, मोबाइल काढला. मेस्त्रींनी पहिला कैवारी घेतला आणि घड्या घालायला लागले. हात, पाय, कंबर. मला वाटलं, शेवटचं एकदा खेळून घेतायत. दुसरा घेतला, तिसरा घेतला. पाचही बंब करून ओळीने लावले.

"बंब फोडतंय," ते म्हणाले. "माणूस नको."

त्यांनी हातोडी घेतली आणि पहिला फोडला. एका घावात नाही झाला. चांगलं प्लॅस्टिक होतं, तीन घाव लागले. मी फोटो काढला, बघितला. फोटोत नुसते लाल तुकडे. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, पात्राचा चेहरा भंगलेला दिसला पाहिजे. मी मेल परत वाचली. आणखी एकदा वाचली, काही पळवाट दिसते का म्हणून.

"काका," मी म्हटलं, "चेहरा दिसायला हवा म्हणतात."

त्यांनी तुकड्यांत बोट घालून चेहरा शोधला. आत घडी घातलेला, झाकणाखालचा, तो धड राहिला होता. एक ओरखडासुद्धा नाही. ते दोन डोळे खाली बघणारे. मेस्त्रींनी तो कागदावर उताणा ठेवला. मग उरलेले चार बंब एकेक करून उलगडले, सावकाश, बाराच्या बारा कोलांट्या. चार माणसं उभी राहिली.

हातोडी त्यांनी उचलली, वर नेली, आणि हात तिथेच राहिला. दोनदा झालं असं. मग त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"तू मार."

"मी नाही मारणार, काका."

"मग दुसरो कोण येतलो. मार. मी धरतंय."

त्यांनी त्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावले, कागदावरून सरकू नये म्हणून. मी हातोडी घेतली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला नीट दिसत नव्हतं, आणि मी घाबरून हळूच मारली. काही झालं नाही. चेहरा तसाच.

"असो नाय," ते म्हणाले. अगदी शिकवतात तसं, न चिडता. "हळू मारलंस तर उगाच चार वेळा मारूचो लागतलो. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधी मार. थय मी पातळ ठेवलंय, आत दुमडूक होया म्हणून. थयच फुटतलो."

मी तिथे मारली. फुटला.

उरलेले चार त्यांनी तसेच पायाला धरून कागदावर आडवे केले, आणि मी तिथेच मारत गेले. पाच फोटो काढले, मेल पाठवली. मेस्त्रींनी टेबल पुसलं, तुकडे खोक्यात भरले, बेसिनवर हात धुतले. तेवढ्यात उत्तर आलं. तेवीस मिनिटांत! ज्या माणसांना एक चेहरा बघायला तीन तीन आठवडे लागायचे, त्यांचं तेवीस मिनिटांत उत्तर. एकच शब्द होता. 'अप्रूव्ह्ड.'

मेस्त्री खिशातल्या कंगव्याने केस विंचरत होते. "काय म्हणतत?"

"पसंत पडलं म्हणतात, काका."

"पाचव?"

"पाचही."

त्यांनी कंगवा खिशात ठेवला. "बरा झाला," ते म्हणाले, आणि चपला घालून निघाले. मी दारापर्यंत गेले. खालून दोन हमाल डॉक्टर सेटची खोकी घेऊन वर येत होते. त्यांना वाट द्यायला मेस्त्री भिंतीला पाठ लावून उभे राहिले, एका खोक्याचा घसरणारा कोपरा त्यांनी हाताने सावरून दिला, आणि हमाल वर आल्यावर जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, आणि त्यानंतरही नाही.